लघवीची पिशवी आणि प्रतिजैविकांची माघार (थ्रेड)

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या पलंगाला लघवीची पिशवी लटकलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रतिजैविकांचा इतिहास सहसा फ्लेमिंगच्या बुरशीपासून सांगितला जातो. आज तो या पिशवीपासून पाहू.

मूत्राशयात नळी घालण्याची कला प्राचीन आहे. मात्र ती अनेक दिवस आत टिकवणे सुलभ झाले ते १९३० च्या दशकात, अमेरिकी शल्यविशारद फ्रेडरिक फोली यांच्या फुग्याच्या नळीमुळे. नळीचे बाहेरील टोक तेव्हा बहुधा उघड्या बाटलीत सोडलेले असे. जंतूंना याहून सोयीची वाट कोणती? बंद पिशवीमुळे संसर्ग किती लांबतो, हे कुनिन आणि मॅककॉर्मॅक यांनी १९६६ मध्ये दाखवले. माझ्या मते या कथेतील सर्वांत मोठा शोध हाच. तो औषधाचा नव्हे.

औषधांच्या आघाडीवर महाराष्ट्राचे स्थान मोठे. पिंपरीत १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परंतु मूत्रमार्गात ठाण मांडणाऱ्या ई. कोलाय, क्लेब्सिएला या जंतूंपुढे त्या मूळ पेनिसिलिनचे फारसे चालत नसे. मग नायट्रोफ्युरॅन्टोइन, नॅलिडिक्सिक ॲसिड, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अखेर मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम औषधे, अशी चढण सुरू झाली. अडचण नळीतच होती. जंतू तिच्यावर चिकट थर रचतात आणि त्यात औषध पुरते पोहोचत नाही. जुनी नळी तशीच ठेवून औषध दिले, तर संसर्ग उलटतो, तोही अनेकदा अधिक चिवट जंतूंचा.

२००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णाच्या लघवीत कार्बापेनेमलाही न जुमानणारा क्लेब्सिएला सापडला. त्याआधी त्याच्यावर दिल्लीत उपचार झाले होते. म्हणून त्या जंतूच्या विकराला ‘न्यू दिल्ली’चे नाव मिळाले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’चा शोधनिबंध आला आणि आपल्याकडे या नामकरणावरून संताप उसळला. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय नियतकालिकातच लिहिले होते, की कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये हेच विकर आढळले. नावाचा वाद संसदेपर्यंत गेला. या २२ नमुन्यांची तितकी चर्चा झाली नाही.

१ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झाले. तेव्हापासून नाशिकमधील कोणत्याही औषध विक्रेत्याला मेरोपेनेम विकताना रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव नोंदवहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते.