वरकसावरचे गवत

शहापूर-मुरबाडकडे भातखाचरांच्या वर जी उतरती जमीन लागते, तिला आपण वरकस म्हणतो. दोन-तीन वर्षे नाचणी, वरी, खुरासणी. मग जमिनीला विसावा, आणि विसाव्यात गवत. ते राबाला लागे, गुरांना लागे, घर शाकारायला लागे. १८५५ मध्ये आगगाडी वासिंदला आली, १८६१ मध्ये कसाऱ्याला. मुंबईच्या तबेल्यांची वाट मोकळी झाली आणि गवताला रोख पैसा मिळू लागला.

सरकारी दप्तरात मात्र असे माळ म्हणजे 'पडीक'! आणि पडीक म्हटले, की झाडे लावावीत असे वाटतेच. मीही विद्यार्थी घेऊन लावली आहेत. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरणाचे खाते निघाले. झटपट वाढणारी परदेशी झाडे, मध्य अमेरिकेतली उंदीरमारी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, उघड्या माळांवर आली. या बाभळीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, हाच तिचा गुण मानला गेला. पण तिचा पाला लवकर कुजत नाही, थर साचतो, आणि खाली गवताचे बी रुजत नाही.

गुरुजी, वृक्षारोपणाला मुले न्याल, तेव्हा खड्डे खणण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारा: बाबा, इथे काय कापायचात? पवना की मारवेल?