पाण्याबरोबर आणखी काय जाते?

घरी भाज्या वाळवायचे विजेचे यंत्र घ्यायचे, तर आपण किंमत आणि त्यातली तबके पाहतो. पण नेमके काय तपासायला हवे? त्यासाठी थोडे इतिहासात डोकावू.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हंगेरीत ऑस्ट्रियाच्या फौजेतले हजारो सैनिक स्कर्व्हीने दगावले. हिरड्या सुजत, दात हलत, भरलेल्या जखमा पुन्हा उकलत. फौजेचे वैद्य क्रामर यांनी व्हिएन्नाकडे मदत मागितली. तिथून या रोगावरच्या वनस्पती आल्या, पण वाळवलेल्या! त्यांचा गुण आला नाही. ताज्या भाज्या आणि फळेच हवीत, हा क्रामर यांचा निष्कर्ष. जेम्स लिंड यांनी १७५३च्या ग्रंथात हा अनुभव नोंदवला. गंमत अशी, की त्याच ग्रंथात त्यांनी संत्र्या-लिंबांचा रस कित्येक तास आटवून साठवण्याची कृतीही दिली. त्या आटवण्यात तोच गुण बहुतांशी नाहीसा होत होता.

१८५०च्या सुमारास पॅरिसच्या मासाँ यांनी भाज्या गरम हवेत वाळवून, दाबून त्यांच्या वड्या केल्या. क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) त्या सैन्याला पुरवल्या गेल्या. वजन आणि जागा वाचली. पण हरवणारा तो पदार्थ म्हणजे 'क' जीवनसत्त्व, हे कळायला १९३२ साल उजाडले.

भाजी चिरली की तिच्यातले एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने हे जीवनसत्त्व नष्ट करू लागते. वाळवण्याआधी भाजीला थोडा वेळ वाफ दिली, तर ते विकर निकामी होते. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात भाज्या वाळवण्याआधी वाफवून किंवा उकळत्या पाण्यातून काढून घेत. थोडे जीवनसत्त्व त्यातही जाते, पण उरलेले पुष्कळसे टिकते.

तेव्हा यंत्र घेताना दोन गोष्टी पाहा: तापमान कमीजास्त करता येते का, आणि पंख्याची हवा सर्व तबकांवर सारखी फिरते का. सुरुवातीलाच फार उष्णता दिली, तर फोडींची वरची कड कडक होते, आत ओल अडकते आणि पुढे बुरशी धरते.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. १०० ग्रॅम मेथीची पाने सावलीत वाळवा आणि रोज वजन करा. वजन घटायचे थांबले की मुलांना विचारा: गेले ते सगळे पाणीच होते का? तराजू याचे उत्तर देत नाही. क्रामर यांच्या सैनिकांनी मात्र ते जिवाचे मोल देऊन दिले होते.