कामोलीचं सुंभ

अडतीस वर्षं मी बोटीवर, इंजिन रूममध्ये काढली. जिनोआला निदान पंधरा वेळा तरी लागलो असेन, पण तिथून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावरचं कामोली पाहिलं ते निवृत्त झाल्यावर, बायकोला घेऊन. नाव मात्र जुन्या ओळखीचं. माझ्या दुसऱ्याच बोटीवरचा कप्तान तिथला. चिडला की म्हणायचा, "तुम्ही डिझेल जाळता. माझ्या पणजोबाने शिडावर केप हॉर्न ओलांडलंय!" आम्ही पाठीमागे हसायचो.

थापा नव्हत्या त्या.

कामोलीच्या आधी गाडी रेको गावातल्या उंच रेल्वे पुलावरून जाते. ह्या पुलापायी दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या नोव्हेंबरपासून, दोस्तांच्या विमानांनी रेको भुईसपाट केलं. आज तिथे सगळ्या इमारती नव्या दिसतात. शेजारचं कामोली बरंचसं बचावलं, म्हणून तिथली सहा-सात मजली जुनी घरं अजून एकमेकांना खेटून समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. डोंगर इतका उभा, की एकाच घराचा एक दरवाजा खाली किनाऱ्यावर आणि दुसरा कितीतरी मजले वर, रस्त्यावर उघडतो. भिंती गेरू, पिवळ्या, गुलाबी. निम्म्या खिडक्यांना हात लावला तर चुना लागतो, कारण झडपा, कठडे, वरची नक्षी सगळं रंगवलेलं. खलाशांना लांबून आपलं घर ओळखता यावं म्हणून असे रंग, असं तिथे जो तो सांगतो. मला पटत नाही. संध्याकाळच्या धुरकटात दोन मैलांवरून मी दीपगृह शोधत असे, गुलाबी भिंत नव्हे. खऱ्या दगडी नक्षीपेक्षा रंग स्वस्त पडतो, हे कारण मला पुरतं.

पण हे गाव गरीब नव्हतं. एकोणिसाव्या शतकात एवढ्याशा कामोलीच्या मालकीची शेकडो शिडाची जहाजं होती. 'हजार शुभ्र शिडांचं गाव' हे बिरूद त्यातूनच आलं. एवढा पैसा आला कुठून, ह्याचं उत्तर मला गावच्या सागरी संग्रहालयात, कागदपत्रांपाशी मिळालं. ह्या किनाऱ्यावर जहाजाचे चोवीस वाटे पाडत. एका वाट्याला म्हणायचं 'कारातो'. कप्तान, दुकानदार, विधवा, ज्याला जमेल तो वाटा घेई. आमच्याकडे रापणीला जसे वाटे असतात तसेच. १८५३ मध्ये जहाजमालकांनी मिळून आपसातली विमा संस्था काढली. एकाचं जहाज बुडालं तर तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. बाहेरच्या विमेवाल्यापुढे हात पसरायला नको. माझ्या मते ह्यात आणखी एक शहाणपण होतं. शेजाऱ्याच्या जहाजाला भोक पडलं तर आपल्याही खिशाला पडणार, म्हटल्यावर कोण कुजक्या फळीकडे काणाडोळा करील? त्याच वर्षी क्रिमियाचं युद्ध पेटलं, फ्रेंच सैन्याचा माल वाहण्याचं काम मिळालं आणि गाव तरारलं. पुढे काळ्या समुद्राकाठचं धान्य, वेल्सचा कोळसा.

मग वाफ आली. जिनोआवाले बॉयलरकडे वळले, कामोलीवाले शिडाला चिकटून राहिले. इंजिनवाला म्हणून मला त्यांची कीवही येते आणि रागही. १८९२ मध्ये, वाफेच्या ऐन भरात, 'इटालिया' नावाचं शिडाचं जहाज कोळसा घेऊन निघालं होतं. वाटेत कोळशालाच आग लागली. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्या ह्या एकाकी बेटावर जहाज फुटलं. माणसं वाचली. पुढे बाकीचे परतले, पण कामोलीचे दोघे तिथेच राहिले, लग्नं करून संसाराला लागले. लावारेल्लो आणि रेपेत्तो ही दोन आडनावं त्या बेटावर आजही आहेत.

समुद्रावरून जे सुखरूप परतले त्यांचे नवस गावाच्या वरच्या अंगाला बोस्केत्तोच्या माउलीच्या देवळात फेडलेले दिसतात. १५१८ मध्ये इथे एका मुलीला मेरीमातेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. भिंतींवर ओळीने चित्रं: काळी लाट, आडवं झालेलं जहाज आणि कोपऱ्यातल्या ढगात माउली. लाटा वाटेल तशा काढल्यात, पण दोरखंडात मला एकही चूक सापडली नाही. चित्र काढून घेणारा माणूस पैसे मोजायच्या आधी दोऱ्या मोजत असणार.

दोरीवरून आठवलं. बंदरात उतरलो. तिथे मे महिन्यात मासे तळायची जत्रा भरते, १९५२ पासून. तिच्या प्रचंड कढया भिंतीला टांगल्यात, लोक त्यांच्यापुढे फोटो काढत होते. धक्क्यावर तपकिरी जाळ्याचा ढीग पडला होता. बायकोने वाकून हात लावला आणि ओरडली, "अहो, ह्यां तर सुंभ!"

खरंच सुंभ. वास घेतला, अगदी तोच. आमची आजी खाडीच्या चिखलात नारळाची सोडणं पुरून ठेवायची, महिन्यांनी काढून मोगरीने कुटायची आणि मांडीवर वळायची. तिचे तळवे खरखरीत झाले होते. जाळ्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्याला मी खुणेनेच विचारलं, हे कुठलं? "कोक्को," म्हणाला, आणि माझ्याकडे बोट करून, "इंडिया!"

जाळ्याचं नाव तोन्नारेल्ला. तोन्नो म्हणजे ट्यूना, आपला कुपा. सतराव्या शतकापासून हे जाळं कामोली आणि पुन्ता क्याप्पाच्या मध्ये लावतात. रापण आपण किनाऱ्यावरून ओढतो. हे एका जागी नांगरलेलं असतं. काठाकाठाने येणारा मासा काथ्याच्या उभ्या भिंतीवर आपटतो, खोल पाण्याकडे वळतो आणि आपणहून जाळ्याच्या खणात शिरतो. होडीतून जाळं हाताने उचलायचं, दिवसातून तीनदा. पूर्वी ह्याला जवळच्या डोंगरावरचं गवत वळून वापरत, नंतर आपला काथ्या आला. नायलॉन का नाही, ह्याचं उत्तर हंगामाच्या शेवटी मिळतं. एप्रिलमध्ये लावलेलं जाळं सप्टेंबरअखेर शेवाळाने जड होतं. ते कापून तिथेच सोडून देतात. तळाशी जाऊन कुजतं. हिवाळ्यात कोळी धक्क्यावर बसून नवं विणतात.