पात्रवर्ग, विष्णुदासी नाटकांतील

पात्रवर्ग म्हणजे नाटकातील वा खेळातील पात्रांची, त्यांच्या व्यक्तिगत स्वभावावरून नव्हे, तर त्यांच्याकडे सोपविलेल्या कार्यावरून केलेली विभागणी होय. एका वर्गातील पात्रांचा वेष, प्रवेशाची रीत, बोलण्याची धाटणी, त्यांना असलेली मोकळीक आणि त्यांच्यावरील बंधने ही ठरलेली असतात. कथा बदलली, पात्राचे नाव बदलले, तरी वर्ग बदलत नाही. लिखित संवाद हाती नसताना अनेकांनी मिळून एक कथा उभी करावयाची असते, तेथे अशी विभागणी विशेष उपयोगी पडते. मराठीत तिचे ठळक उदाहरण १८४३ मध्ये सांगली येथे उदयास आलेल्या विष्णुदासी पौराणिक नाटकांत, तसेच सातारा-सांगली भागात जोमाने वाढलेल्या तमाशातील वगात आढळते. १९७४ पासून पाश्चात्त्य देशांत प्रसार पावलेल्या अद्‌भुतकथात्मक भूमिकाखेळांतील पात्रवर्गांची रचनाही याच तत्त्वावर झालेली दिसते. या दोहोंत अनुकरणाचा संबंध नाही. साम्य आहे ते गरजेचे.

पूर्वपीठिका : संस्कृत नाट्यशास्त्रकारांनी नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार प्रकार मानले आहेत. ही विभागणी मुख्यतः स्वभावाची असून तिच्यामागे कवीने लिहून दिलेली संहिता गृहीत आहे. लोकनाट्यांतील विभागणी निराळी आहे. कर्नाटकातील यक्षगानात कथा गाणारा भागवत, राजवेष, तरुण वीराचा पुंडुवेष, राक्षसादिकांचा रंगीत बण्णदवेष, स्त्रीवेष आणि विनोदी हास्यगार असे वर्ग आहेत. नट वेषाच्या वर्गानुसार तयार होतो व त्या वर्गातील अनेक भूमिका करतो. केरळातील कथकळीत पच्च, कत्ति, ताडी, करि, मिनुक्कु हे वर्ग प्रामुख्याने रंगभूषेवरून ओळखले जातात. कोकणातील दशावतारी खेळांतही सूत्रधार, संकासुर इ. पात्रे ठरलेली असून संवाद बव्हंशी उत्स्फूर्त असतात. यूरोपात सोळाव्या शतकात इटलीमध्ये उदयास आलेल्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या नाट्यप्रकारात कथेचा केवळ आराखडा दिलेला असे. कंजूष म्हातारा पांतालोने, चतुर नोकर अर्लेक्किनो अशा ठरीव पात्रांच्या आधारे नट संवाद रचीत.

सांगलीतील उदय : १८४२ मध्ये उत्तर कानडा भागातील भागवत मंडळींचे खेळ सांगली येथे झाले. ते पाहून सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी तसेच, पण अधिक नेटके खेळ मराठीत करण्याची आज्ञा आपल्या पदरी असलेले विष्णु अमृत ऊर्फ विष्णुदास भावे यांना केली. भावे पदे रचीत, तसेच लाकडी बाहुल्याही बनवीत. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सीतास्वयंवर या आख्यानाचा प्रयोग सांगली दरबारात झाला. हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाल्यावर राजाश्रय संपला व भावे यांना आपली मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत प्रयोग केले. त्यांची नाट्यपदे नाट्यकवितासंग्रह या नावाने १८८५ मध्ये प्रसिद्ध झाली.

या संग्रहात पदे आहेत. आज ज्या अर्थाने नाटकाची संहिता म्हणतात, तशी संहिता नाही. सूत्रधार व त्याच्या मागे उभे असलेले साथीदार टाळ-मृदंगावर पदे गाऊन कथा पुढे नेत आणि पात्रे त्या पदाला अनुसरून अभिनय करीत व स्वतःच्या बुद्धीने गद्य भाषणे करीत. म्हणजे काय घडावयाचे हे सूत्रधाराच्या हाती आणि ते कसे घडावयाचे हे बऱ्याच अंशी पात्रांच्या हाती, अशी ही वाटणी होती. पात्रवर्गाची गरज या वाटणीतून निर्माण झाली.

वर्ग व त्यांची कार्ये : सूत्रधार हा सर्व वर्गांच्या बाहेर राहून सर्वांना चालविणारा होता. तो आरंभी मंगलाचरण करी आणि खेळ संपेपर्यंत रंगभूमीवर राही. त्याच्या पाठोपाठ विदूषक येई. वनचराच्या वेषात, उड्या मारीत व वेडेवाकडे चाळे करीत येऊन तो सूत्रधाराशी संवाद करी आणि त्याच्या प्रश्नांच्या निमित्ताने प्रेक्षकांना त्या रात्रीचे आख्यान कळे. कोणत्याही प्रसंगी मध्ये बोलण्याची मुभा विदूषकाला होती. पण कथेचा निकाल बदलण्याचा अधिकार नव्हता. त्यानंतर विघ्ननिवारणासाठी गणपती व मोरावर आरूढ झालेली सरस्वती यांचे प्रवेश होत आणि मग आख्यानाला प्रारंभ होई.

आख्यानातील पात्रांचे देव व राजे, राक्षस, ऋषी आणि स्त्रिया असे ढोबळ वर्ग पडत. पुढे नाटक मंडळ्यांच्या बोलीत इंग्रजी ‘पार्ट’ शब्दावरून देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशी नावे रूढ झाली. देवपार्टीचे बळ संथ, भारदस्त वाणीत व संयमात असे. राक्षसपार्टीला प्रचंड आवाज, धिप्पाड शरीर आणि तलवारीचे हात करण्याची चपळाई लागे. रंगविलेला चेहरा, राळेचा भडका आणि मोठी आरोळी यांसह होणारा राक्षसाचा प्रवेश हे या खेळांचे मोठे आकर्षण होते. ऋषींकडे उपदेश, वर व शाप यांची सत्ता होती, शस्त्र नव्हते. स्त्रीपार्टी कोवळ्या आवाजाचे व नाजूक चेहऱ्याचे मुलगे वा तरुण करीत. करुण व शृंगार या रसांची जबाबदारी प्रामुख्याने त्यांच्यावर असे.

या रचनेचे मर्म वर्गांच्या परस्परावलंबनात आहे. सीतास्वयंवराची लोकप्रचलित कथा घेतली, तर ते स्पष्ट होते. विश्वामित्र रामाला मार्ग दाखवितो, पण धनुष्य उचलीत नाही. रावणाचे बळ व गर्व गाजल्याखेरीज रामाच्या पराक्रमाला उठाव येत नाही. सीतेची चिंता व्यक्त झाल्याखेरीज प्रसंगात करुणा येत नाही, आणि विदूषकाने ताण हलका केल्याखेरीज रात्रभर चालणारा खेळ प्रेक्षकांना पेलत नाही. एका वर्गाला जे वर्ज्य, तेच दुसऱ्याचे कार्य. त्यामुळे कोणताही नट एकट्याच्या बळावर कथा शेवटास नेऊ शकत नसे आणि कोणीही निरुपयोगी ठरत नसे.

व्यवहारातही या विभागणीचा मोठा लाभ होता. सु. पन्नास आख्यानांपैकी कोणतेही लावले, तरी राक्षसपार्टीच्या नटाला नव्याने पाठांतर करावे लागत नसे. रावणाची धाटणी त्याला अंगवळणी पडलेली असे. कथेतील प्रसंग ठाऊक असले, की तो इंद्रजित वा अन्य राक्षसही उभा करू शके. दिव्यांच्या मंद उजेडात दूर बसलेल्या प्रेक्षकालाही वेष व प्रवेश यांवरून पात्र कोणत्या पक्षाचे, हे तत्काळ उमगे. सांगलीकरांच्या धर्तीवर पुढे इचलकरंजीकर, कोल्हापूरकर इ. मंडळ्या निघाल्या. लिखित नाटकाच्या प्रतीशिवाय हा प्रकार इतक्या वेगाने पसरू शकला, याचे एक कारण त्याची वर्गरचना हेच मानावे लागते.

मर्यादा : वर्ग जसा नटाला आधार देई, तसा त्याला जखडूनही टाकी. एकदा राक्षसपार्टी म्हणून ठरलेल्या नटाला अन्य भूमिका मिळणे कठीण होई, आणि स्त्रीपार्टी करणाऱ्याचे महत्त्व त्याच्या कोवळ्या आवाजाबरोबर ओसरे. स्त्रियांचा वर्ग होता. पण त्यात स्त्रीला प्रवेश नव्हता. उत्स्फूर्त भाषणे पुष्कळदा साचेबंद होत व युद्धप्रसंग कथेला गिळून टाकीत. नव्याने इंग्रजी शिकलेल्या वर्गाने या खेळांना मृदंगाच्या बोलावरून ‘तागडथोम’ व राक्षसांच्या आरोळीवरून ‘अलल्‌डुर्र’ अशी थट्टेची नावे दिली.

वर्गाकडून व्यक्तीकडे : विनायक जनार्दन कीर्तने यांच्या थोरले माधवराव पेशवे (१८६१) या नाटकापासून लिखित संवादांची ‘बुकिश’ नाटके पुढे आली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतल नाटकात पात्रे स्वतःच गाऊ लागली आणि अखंड गाणाऱ्या सूत्रधाराचे काम नांदीनंतर संपले. सूत्रधार गेला, तशी त्याच्याभोवती रचलेली वर्गव्यवस्थाही सैल झाली.

या परिवर्तनातही सांगली परिसराचा वाटा मोठा आहे. सांगलीनजीक हरिपूर येथे जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल हे कसबी तालीममास्तर होते. संवादातील शब्दन्‌शब्द कसा उच्चारावा, हे ते नटांकडून घोटून घेत. त्यांच्या शारदा (१८९९) या नाटकातील नायिका कोणत्याही ‘पार्टी’त बसत नाही, वृद्धाशी लग्न लावले जाण्याच्या संकटात सापडलेली ती एक विशिष्ट मुलगी आहे. सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी कीचकवध (१९०७) मध्ये जुन्या दुष्ट पात्राचा साचा हेतुपुरस्सर वापरला. प्रेक्षकांनी कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. पात्रवर्गाची ओळखशक्ती किती तीव्र असते, याची ही एक साक्षच होय.

तमाशातील वर्ग : आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने निराळा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, त्यापूर्वी वाळवे, तासगाव इ. तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. या भागात तमाशाची परंपरा समृद्ध आहे. तासगाव तालुक्यातील सावळजचे उमा-बाबू यांचा मोहना-बटाव (सु. १८६५) हा आद्य वग मानला जातो, शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. तमाशात सरदार, सोंगाड्या, नाच्या, गौळणीतील मावशी व पेंद्या हे वर्ग ठरलेले आणि वगातील गद्य संवाद उत्स्फूर्त असत. सोंगाड्याचे कार्य विदूषकाच्या जवळचे असले, तरी त्याची मोकळीक अधिक. राजालाही तो आडवे बोले. नाटक मंडळ्यांना पुढे जी प्रतिष्ठा लाभली, ती मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी इ. समाजांतील कलावंतांनी जोपासलेल्या या कलेला मात्र दीर्घकाळ नाकारली गेली. रचनेचे तत्त्व सारखे असूनही मान सारखा नव्हता.

वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांनी १९४० नंतरच्या दशकात अकलेची गोष्ट यांसारख्या लोकनाट्यांतून या वर्गरचनेत मूलगामी बदल केला. गणात गणपतीऐवजी मातृभूमी व श्रमिक यांना वंदन आले, गौळण वगळली गेली आणि राजा-प्रधानांच्या जागी सावकार व शेतकरी उभे राहिले. सोंगाड्याची हजरजबाबी वृत्ती मात्र त्यांनी राखली. वर्ग मोडण्याऐवजी नवे वर्ग घडविण्याचा हा मार्ग देवलांच्या मार्गाहून वेगळा होता.

भूमिकाखेळांतील वर्ग : अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ प्रसिद्ध केला. तो मेजाभोवती बसून कागद, पेन्सिल व फासे यांच्या साहाय्याने खेळतात. एक निवेदक प्रसंग सांगतो. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो. संहिता नसते. मूळ खेळात योद्धा, मांत्रिक व धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते. १९७५ च्या पुरवणीत चोराचा वर्ग मिळाला आणि २०१४ च्या आवृत्तीतील खेळाडूंच्या मूळ ग्रंथात बारा वर्ग दिले गेले.

प्रारंभीच्या नियमांत बंधनांना विशेष स्थान होते. मांत्रिकाला चिलखत वर्ज्य व शस्त्र म्हणून केवळ खंजीर. धर्मोपदेशकाला धारदार शस्त्र वर्ज्य. योद्ध्याला मंत्र नाहीत. यांमुळे कोणत्याही एका पात्राला संकट एकट्याने निवारता येत नाही व खेळाडूंना एकत्र राहावे लागते. ऋषीच्या हाती शाप आहे, पण शस्त्र नाही, या विष्णुदासी विभागणीशी हे साम्य लक्षणीय आहे. मात्र एक भेद मूलभूत आहे : पौराणिक नाटकात कथेचा शेवट सर्वांना ठाऊक असतो, तर भूमिकाखेळात तो फाशांवर व निर्णयांवर अवलंबून राहतो. १९७८ मधील रूनक्वेस्ट या खेळात वर्ग टाकून देऊन प्रत्येक पात्राची कौशल्ये स्वतंत्रपणे मोजण्याची पद्धत आली. वर्गाकडून व्यक्तीकडे जाण्याचा हा क्रम मराठी रंगभूमीच्या क्रमाशी जुळणारा आहे.

मूल्यमापन : विष्णुदासी नाटकांवर अपरिपक्वतेचा आक्षेप घेण्यात आला. तो लिखित नाटकाच्या मापाने घेतलेला आहे. संहितेविना, प्रशिक्षणाच्या तुटपुंज्या सोयी असताना, अनेकांच्या सहभागातून रात्रभराची कथा उभी करणे हे या खेळांचे उद्दिष्ट होते, आणि पात्रवर्ग हे त्याचे समर्पक साधन होते. ज्या आक्रस्ताळ्या राक्षसपार्टीची थट्टा झाली, तिच्यामुळेच दूरच्या प्रेक्षकाला कथेचा पक्ष-विपक्ष कळत होता. व्यक्तिचित्रणप्रधान नाटकाने मराठी रंगभूमीला खोली दिली. परंतु आयत्या वेळी शब्द रचण्याचा नटाचा अधिकार त्यात संपला. तो तमाशात व दशावतारात टिकून राहिला. १९६० पासून सांगली येथे विष्णुदास भावे यांच्या नावाने ज्येष्ठ रंगकर्मींना गौरवपदक देण्यात येते. आद्य नाटककार म्हणून भावे यांचा होणारा हा गौरव उचितच आहे. पण त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य त्यांनी लिहिलेल्या पदांइतकेच, इतरांना बोलते करणाऱ्या या रचनेतही शोधावे लागते.