चारित्र्याचा रकाना

फौजेतून घरी जाताना जवानाच्या हातात डिस्चार्ज बुक येते. त्यात कॅरॅक्टर नावाचा एक रकाना असतो. कोणाच्या पुढे 'एक्झेम्प्लरी' लिहिलेले असते, कोणाच्या पुढे 'व्हेरी गुड', कोणाच्या पुढे नुसते 'गुड'. माजी सैनिक बंधूंना हे सांगायला नको. या एका शब्दावर पुढची नोकरी अडते किंवा मिळते. हा शब्द ठरतो कसा, तेही आपल्याला ठाऊक आहे. सर्व्हिसमध्ये लाल शाईच्या एंट्र्या किती, काळ्या शाईच्या किती, याचा हिशोब होतो आणि कमांडिंग ऑफिसरची सही होते.

या हिशोबात एक गोष्ट येत नाही. माणूस भरती झाला तेव्हा कसा होता आणि निघताना कसा झाला, हे त्या रकान्यात मावत नाही. लाल शाई नसणे म्हणजे चूक पकडली गेली नाही किंवा झाली नाही, एवढेच. रागीट माणूस शांत झाला का, स्वतःपुरते पाहणारा दुसऱ्यासाठी उभा राहायला शिकला का, हे कोण लिहिणार?

बेंगळूरुच्या पोस्टिंगवर हा विषय डोक्यात घोळू लागला, त्याला कारण हे शहर आहे. १६३८ नंतर हे शहाजीराजांच्या जहागिरीचे गाव होते, ही ओळख मराठी माणसाला आधी आठवते. पण इथली छावणी १८०९ ची, इंग्रजांची. आज मद्रास सॅपर्सचे केंद्र इथे आहे, एएससीचे आहे, पॅराशूट रेजिमेंटचे आहे. एमजी रोडच्या पूर्वेच्या टोकाला होली ट्रिनिटी चर्च आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते गोऱ्या पलटणींसाठी बांधले गेले. आत भिंतींवर मेलेल्या शिपायांच्या आणि अफसरांच्या नावांच्या पाट्या आहेत. कोणी लढाईत गेला, कोणी तापाने.

आपल्या फौजेत प्रत्येक युनिटचे सर्वधर्मस्थळ असते. पंडितजी, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे सगळे जेसीओ म्हणून एकाच पगारपत्रकावर. दक्षिणेतल्या युनिट्समध्ये ख्रिस्ती जवान भरपूर. एका तमिळ हवालदाराने मला विचारले, "साहेब, तुमच्या मराठीत आमच्या धर्मातला कोणी मोठा लेखक झाला का?" मी त्याला दोन नावे सांगितली आणि ती माणसे एका घरातली नवराबायको होती, हेही सांगितले. तो म्हणाला, "मग घरात भांडण नसेल." मला हसू आले. त्या घराइतकी भांडणे मराठी साहित्यात दुसऱ्या कोणत्या घरात क्वचितच नोंदवलेली असतील. हा लेख त्या उत्तराचा उरलेला भाग आहे.

त्याआधी याच छावणीतला एक तरुण अफसर बघू. १८९६ च्या ऑक्टोबरात फोर्थ हुसार्स ही घोडदळाची पलटण बेंगळूरुला आली. तिच्यात एकविशीचा विन्स्टन चर्चिल होता. सकाळी परेड, संध्याकाळी पोलो, मधल्या रिकाम्या दुपारी वाचन. गिबन, मेकॉले, प्लेटो अशी पुस्तके आईकडून मागवून तो तासन् तास वाचत असे. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिले आहे की या वाचनात त्याची लहानपणची धर्मश्रद्धा ढासळली आणि काही काळ तो धर्माच्या विरोधात गेला. मात्र सरहद्दीवर गोळ्या सुटू लागल्या तेव्हा तो देवाची प्रार्थना करीत होताच, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले आहे. बेंगळूरु क्लबच्या जुन्या वहीत त्याच्या नावावर १३ रुपयांची थकबाकी आजही दाखवतात. लोक ती वही पाहून हसतात. मला त्याच्या प्रार्थनेची गोष्ट जास्त ओळखीची वाटते. गोळीबारात प्रार्थना करणारे आपण सगळेच पाहिले आहेत. गोळीबार थांबला की ती प्रार्थनाही बहुधा थांबते. संकटात जागी होणारी श्रद्धा खोटी नसते, पण तिच्याने स्वभाव बदलतो असे नाही.

चर्चिल इथे वाचत बसला होता, त्याच वर्षांत अहमदनगरला एक मराठी माणूस घर मोडून बसला होता. नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातले करजगाव. बुद्धी तल्लख, कविता हाताशी, वक्तृत्व दांडगे आणि राग नाकावर. नोकरी धरायची आणि सोडायची, गाव बदलायचे, बाजारासाठी दिलेले पैसे भलत्याच कामाला लावायचे, कोणी मागितले तर अंगावरचे काढून द्यायचे. दिलदार माणूस, पण संसार करणाऱ्या बाईला रडवणारा. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने नवा करार हातात दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक उघडले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले आणि तिथून हलले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. धर्म बदलला त्या दिवशी टिळकांचा स्वभाव बदलला नाही. उलट त्या एका दिवसाने घरातल्या माणसांवर डोंगर कोसळला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरी लहान मुलगा दत्तू. नवरा जिवंत असून संसार संपला. नातेवाईक रडले, संतापले. कधी माहेरच्यांकडे, कधी पंढरपुरास असे त्यांचे दिवस गेले. आपण आज चारित्र्याच्या गोष्टी लिहितो तेव्हा ही किंमत कोणी भरली ते विसरू नये. श्रद्धा टिळकांची होती आणि पहिला भुर्दंड लक्ष्मीबाईंना पडला.

मग टिळकांमध्ये बदल कुठे दिसतो? माझ्या मते तो पुढच्या वर्षांत दिसतो. हा तापट माणूस बायकोची वाट पाहत राहिला. कायदा, समाज, नवरेपणाचा हक्क, सगळे त्या काळात पुरुषाच्या बाजूने होते. त्यांनी तिच्यावर धर्म लादला नाही. ती परत आली तेव्हा तिचे स्वयंपाकघर वेगळे, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. तेही त्यांनी चालवून घेतले. ज्याला आयुष्यभर कोणत्याच गोष्टीला धीर धरवला नाही, त्याने या एका बाबतीत धीर धरला. राग पुढेही उफाळत राहिला आणि लक्ष्मीबाईंनी तोही लिहून ठेवला आहे. म्हणूनच त्यांच्या धीरावर माझा विश्वास बसतो.

खरी कहाणी मात्र लक्ष्मीबाईंची आहे. जन्म १८६८, नाशिकजवळचे जलालपूर. वडिलांचे सोवळे इतके कडक की घरातल्यांना श्वास घ्यायला जागा नाही. १८८० मध्ये, अकरा-बारा वर्षांची असताना लग्न. शाळा नाही. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून, तीही त्याच्या रागाचे फटके सोसत. अशी ही बाई बाटलेल्या नवऱ्याजवळ पुन्हा राहायला आली आणि सोवळ्याची रेघ मध्ये आखून राहिली. त्यानंतर तिच्या मनात जे घडले ते 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला. देव सगळ्यांचा असेल तर ही रेघ त्याने ओढलेली नाही, या निष्कर्षावर ती आली. मग दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे आले. बाप्तिस्मा यानंतर झाला, १९०० साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आचरण बदलले, मग नोंद झाली.

फौजेत आपण एका लंगरात जेवतो, म्हणून आपल्याला यात काय मोठे असे वाटू शकते. पण आपल्याला ते हुकुमाने मिळाले. रिक्रूट म्हणून पहिल्या दिवशी ताट हातात दिले आणि रांगेत उभे केले. शेजारी कोण आहे हे विचारायची सोय नव्हती. सुट्टीवर गावी गेल्यावर त्यातले किती जण तीच पंगत टिकवतात, हे ज्याचे त्याने पाहावे. लक्ष्मीबाईंना कोणी हुकूम दिला नव्हता. उलट त्यांच्या बाजूचे सगळे जग त्यांना रेघ राखायला सांगत होते.

त्या बदलाची परीक्षाही झाली. १८९९-१९०० च्या दुष्काळात नगर भागात पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरी आली आणि त्यांची जात न विचारता लक्ष्मीबाईंनी ती सांभाळली. नगरला प्लेग आला तेव्हा ज्या रोग्यांपासून घरची माणसे पळत होती, त्यांच्या शुश्रूषेला त्या गेल्या. पूर्वी दुसऱ्याची सावली टाळणारा हात आता प्लेगच्या गाठीला लागत होता. पुढे बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले तेव्हा त्यांच्यावरही त्यांनी मुलासारखी माया केली. हे सगळे त्या सांगतात ते विनोदाने, स्वतःच्या फजित्या आधी सांगून. मोठेपणाचा आव कुठेही नाही.

नाव बदलणे आणि माणूस बदलणे यांत अंतर असते, हे अजून एका मराठी बाईने लिहून ठेवले आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या घाटात, गंगामूळला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या निवेदनात त्यांनी कबूल केले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी कित्येक वर्षे लागली. एवढ्या विदुषीने हे मान्य करणे सोपे नव्हते. दुष्काळातल्या अनाथ मुली आणि टाकलेल्या बायका यांना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले आणि ते काम १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी हातावेगळे केले.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात माळ आहे आणि आषाढीला उपास. पण वारकरी घरातल्या माणसाला हे परके वाटत नाही. देवाचे नाव घेऊन माणूस मऊ झाला नाही तर ते नाव तोंडातच राहिले, हे आपल्याला संतांनी शिकवले आहे. टिळकांनी ख्रिस्ताची भजने लिहिली तीही अभंगाच्या चालीने. मराठी चर्चमध्ये ती आजही गातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले.

त्यांचे एक काम अर्धे राहिले होते. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या चरित्रावरचे ओवीबद्ध महाकाव्य. सुरुवातीचे थोडे अध्याय झाले होते. उरलेले लक्ष्मीबाईंनी लिहिले. जिला नवऱ्याने रागावत रागावत अक्षरे शिकवली, जिचा संसार याच ख्रिस्तापायी मोडला होता, तिने ते काव्य आपल्या हाताने पुरे करीत आणले. १९३६ मध्ये त्या वारल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून आला.

'स्मृतिचित्रे' सोप्या मराठीत आहे. पेन्शनीत वेळ असलेल्या माजी सैनिकांनी ते जरूर वाचावे, आणि मोठ्याने वाचावे, म्हणजे घरातल्या मंडळींनाही ऐकू जाईल. काही पानांवर नवरे मंडळींना आपलाच आवाज ऐकू येईल. डिस्चार्ज बुकातला शब्द आता बदलता येत नाही, त्यावर सही झालेली आहे. घरातली नोंद मात्र अजून चालू आहे आणि ती लिहिणाऱ्याला रँक नसते. ती लिहिते आपली बायको, सून, नातवंडे. तिथे रोज सकाळी नवी एंट्री पडते.

जय हिंद.