शिखराखालचा पाया

मंदिराचे शिखर दुरूनही दिसते. त्याचा भार पेलणारा पाया मात्र दिसत नाही. तो भार मोजणारा ज्येष्ठ संरचना अभियंताही असाच अप्रसिद्ध राहतो.

आपल्या जिल्ह्यास ही विद्या नवी नाही. औंढा नागनाथ येथील हेमाडपंती मंदिर दगडावर दगड सांधून उभारले गेले. त्या सूत्रधारांची नावे काळाच्या उदरात गेली. त्यांचे गणित आजही उभे आहे.

मराठवाड्यातील घरांत मात्र मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवर मातीचे जड माळवद असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ती कोसळली व हजारो जीव गाडले गेले. पुनर्बांधणीत अभियंत्यांनी भिंतींभोवती आर.सी.सी.चा पट्टा फिरविला, छपराचा भार घटविला.

२१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यातच ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. म्हणून मंदिर, धर्मशाळा वा सभागृह बांधताना, तसेच जुन्या वास्तूवर मजला चढविताना, प्रथम मातीची परीक्षा व्हावी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अभियंत्याने नकाशावर सही करून न थांबता सळई बांधली जात असता स्वतः पाहावे. आणि त्याने ‘नाही’ म्हटल्यास विश्वस्तांनी ते ऐकावे.

दात्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. आत पाठ म्हणणाऱ्या बालकांचे प्राण मात्र पायातील गणितावर विसंबून असतात.