ताप एकच, रजा वेगळी : नाकाडोंगरीच्या खाणपट्ट्यातून

१/९
भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात नाकाडोंगरी आहे. इथे वनपरिक्षेत्राचे कार्यालय आहे आणि परिसरात चिखला व डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत. वनरक्षक सरकारी नोकर, तर खाणकामगार सरकारी कंपनीचा. ताप दोघांनाही येतो. पण आजारपणाच्या रजेचे नियम दोघांना वेगळे. ते का? या थ्रेडमध्ये पाहू.

२/९
मध्य प्रांतात मँगनीज काढण्यासाठी १८९६ मध्ये एक ब्रिटिश सिंडिकेट स्थापन झाले. तीच पुढे ‘सीपीएमओ’ कंपनी. दगड फोडणे, निवडणे, डोक्यावरून वाहणे ही कामे स्त्रियाही करीत. हजेरी लागली तर मजुरी. आजारी पडला की चूल थंड.

३/९
कायद्याने पहिली दखल घेतली ती बाळंतपणाची. १९४१ चा खाण प्रसूतिलाभ कायदा आला. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ मध्ये त्याचे दुरुस्ती विधेयक मांडले. याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढवली आणि त्यांचा पराभव झाला.

४/९
त्यांच्याच खात्याच्या काळात प्रा. बी. पी. आदारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा घडला. आजारी कामगाराला रोख भत्ता मिळू लागला. पुढे त्याची मर्यादा वर्षाला ९१ दिवसांपर्यंत गेली.

५/९
पण कायद्यातील ‘कारखाना’ या शब्दाच्या व्याख्येतून खाणी वगळल्या होत्या. गिरणी कामगाराला जे छत्र मिळाले, ते खाणकामगाराला मिळाले नाही.

६/९
खाणींसाठी १९५२ चा वेगळा कायदा होता. त्यातील भरपगारी रजेचा पुढे रूढ झालेला हिशेब असा : भूमिगत काम असेल तर १५ दिवसांमागे १ रजा, इतरांना २० दिवसांमागे १. चिखल्यात जमिनीखाली काम चालते, डोंगरी बुजुर्गची खाण उघडी. उघड्या खाणीत २४० हजेऱ्या भरल्या की १२ दिवस.

७/९
ही वार्षिक सुटी होती, आजारपणाची नव्हे. आजारी पडल्यास कामगाराने हीच शिल्लक वापरावी. आगाऊ अर्जाची अट तेवढी माफ. म्हणजे ज्या दिवसांत लेकीचे लग्न किंवा धानाची रोवणी उरकायची, तेच दिवस तापात संपत. मँगनीजच्या धुळीने मज्जासंस्थेवर होणारी विषबाधा ही तर कायद्यानेच मान्य केलेली व्यवसायजन्य व्याधी!

८/९
१९६२ मध्ये ‘मॉयल’ स्थापन झाली. केंद्र, महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांकडे मिळून ५१ टक्के, जुन्या कंपनीकडे ४९ टक्के. १९७७ मध्ये ती पूर्णतः सरकारी झाली. तरीही सरकारी मालकी म्हणजे सरकारी रजा नव्हे. वनरक्षकाला महाराष्ट्राच्या १९८१ च्या रजा नियमांनुसार वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगारी १० दिवसांत बदलता येते. कंपनीच्या कामगाराला असे नियम लागू नाहीत. खाण कायद्यापलीकडे जे हवे, ते कंपनीचे स्थायी आदेश आणि संघटनेशी झालेले करार यांतूनच मिळवावे लागते.

९/९
म्हणून रजेचा इतिहास हा दयेचा इतिहास नाही. कोणत्या शब्दाच्या व्याख्येत कोण बसला आणि कोण बाहेर राहिला, याचा तो इतिहास आहे. आपल्या आजोबांचे जुने हजेरी कार्ड घरात असेल तर जपून ठेवा. त्यातले खाडे मोजा आणि ते का पडले, हे त्यांना विचारा.